जायरो (रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमान)

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानातील जायरो हे विमानाचे अनपेक्षित वळणे ओळखून त्याला तत्काळ विरोध करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण होय. ते रिसीव्हर आणि सर्व्हो यांच्यामध्ये जोडले जाते किंवा रिसीव्हरमध्येच अंगभूत असते. वाऱ्याच्या झोताने पंख कलला, की चालकाच्या लक्षात येण्यापूर्वीच जायरो संबंधित नियंत्रक पृष्ठ हलवून तो कल थोपवितो. ‘जायरो’ हे ‘जायरोस्कोप’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असून जायरोस्कोपला मराठीत घूर्णी असेही म्हणतात.

जायरो विमानाला स्थिर ठेवण्यास मदत करतो. मात्र चुकीचा गुरुत्वमध्य, पिळलेला पंख किंवा चालकाचा अननुभव यांवर तो उपाय नाही. उलट दिशेने सुधारणा करणारा जायरो तर विमान जमिनीवरून उठताच काही क्षणांत पाडतो. त्यामुळे जायरोची निवड जितकी महत्त्वाची, त्याहून त्याची जुळणी आणि उड्डाणापूर्वीची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते.

गरज

विमान तीन अक्षांभोवती वळू शकते. नाकापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या अक्षाभोवतीच्या वळण्यास रोल, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अक्षाभोवतीच्या वळण्यास पिच आणि उभ्या अक्षाभोवतीच्या वळण्यास यॉ असे म्हणतात. पंखांवरील एलेरॉन रोल, आडव्या शेपटीवरील एलिव्हेटर पिच आणि उभ्या शेपटीवरील रडर यॉ नियंत्रित करते.

विमान जितके लहान, तितके ते वाऱ्याने अधिक हेलकावे खाते. याचे कारण भूमितीत आहे. एखाद्या मॉडेलची तंतोतंत निम्म्या लांबीची प्रतिकृती त्याच साहित्यात बनविली, तर तिचे वजन एक-अष्टमांश भरते. पण वळविले जाण्यास जडत्वामुळे होणारा तिचा विरोध बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. त्याच उड्डाणवेगात तोच झोत लागला, तर तिच्यावर पडणारा पीळ मात्र आठव्या हिश्श्याइतकाच घटतो. परिणामी लहान प्रतिकृती मोठीच्या चौपट त्वरेने वळू लागते. ज्या वाऱ्यात मोठे विमान संथपणे तरंगते, त्याच वाऱ्यात हातभर लांबीचे विमान फडफडते ते यामुळेच.

चालक जमिनीवर उभा असतो. विमानात बसलेल्या वैमानिकाला शरीराने जाणवणारा कल त्याला केवळ डोळ्यांनी ओळखावा लागतो. डोळ्यांना दिसलेल्या बदलावर हात हलण्यास माणसाला साधारणपणे ०.२ सेकंद लागतो. सेकंदाला १५ मीटर वेगाने उडणारे मॉडेल तेवढ्या वेळात तीन मीटर पुढे गेलेले असते. उतरताना धावपट्टीपासून अर्ध्या मीटरवर असलेल्या विमानाच्या बाबतीत हा विलंब निर्णायक ठरतो. जायरो ही उणीव भरून काढतो.

इतिहास

जायरोस्कोप हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको याने १८५२ मध्ये दिले. वर्तुळ आणि पाहणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. पृथ्वीचे परिवलन डोळ्यांना दाखविणे हा त्याच्या प्रयोगाचा हेतू होता. वेगाने फिरणारे चाक आपल्या अक्षाची दिशा सहजासहजी बदलू देत नाही, हा या उपकरणाचा आधार आहे.

विमानाला स्थिर ठेवण्यासाठी जायरोस्कोपचा उपयोग अमेरिकन वैमानिक लॉरेन्स स्पेरी याने १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर जाहीरपणे करून दाखविला. प्रेक्षकांसमोरून उडताना त्याने दोन्ही हात नियंत्रणांवरून उचलले आणि त्याचा यंत्रज्ञ पंखावर चालत गेला, तरीही विमानाचा समतोल टिकून राहिला.

मॉडेलच्या छंदात जायरो प्रथम हेलिकॉप्टरमध्ये आला. हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याच्या प्रतिक्रियेमुळे त्याचे धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीच्या छोट्या पंख्याने हे फिरणे सतत सावरणे नवशिक्या चालकाला जवळजवळ अशक्य असे. त्या काळच्या जायरोत विजेच्या मोटरीने फिरणारी खरी चाके असत. ती वजनदार असत, बॅटरी झपाट्याने संपवीत आणि त्यांची बेअरिंगे झिजत. पुढे स्फटिकाच्या कंपनावर चालणारे पीझो जायरो आले. त्यांत फिरणारा भाग नव्हता. पण तापमान बदलले की त्यांचा शून्यबिंदू सरकत असे. त्यानंतर सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले सूक्ष्म संवेदक स्वस्त झाले आणि तिन्ही अक्षांचे मापन नखाहून लहान चिपमध्ये सामावले. भ्रमणध्वनी संचांतही याच जातीचे संवेदक असतात. तीन अक्षांचे हे जायरो प्रथम हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्यासाठी आणि पुढे स्थिर पंखांच्या विमानांसाठी वापरात आले.

कार्यपद्धती

संवेदक

आजच्या जायरोत फिरणारे चाक नसते. त्याऐवजी सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म वस्तुभार सतत पुढेमागे कंप पावत असतो. विमान वळले, की या कंप पावणाऱ्या भारावर आडव्या दिशेने बल लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस याच्या नावाने ते ओळखले जाते. या बलामुळे होणारे अत्यल्प विस्थापन विद्युत धारितेतील बदलाच्या रूपाने मोजले जाते आणि त्यावरून विमान किती त्वरेने वळत आहे ते कळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. जायरो मोजतो तो वळण्याचा वेग, कल नव्हे. विमान तीस अंश कललेले असले तरी ते त्याच स्थितीत स्थिर असेल, तर जायरोचे मापन शून्य असते. वर कोणती बाजू आणि खाली कोणती, हे त्याला स्वतःहून ठाऊक नसते. त्यासाठी त्वरणमापक या दुसऱ्या संवेदकाची जोड द्यावी लागते.

सुधारणेचे चक्र

रिसीव्हरकडून सर्व्होला विजेच्या स्पंदांच्या रूपाने आज्ञा मिळते. स्पंदाची लांबी साधारणपणे १००० ते २००० मायक्रोसेकंद असते व १५०० मायक्रोसेकंद हा मध्य मानला जातो. जायरो ही आज्ञा वाचतो, तिच्यात आपल्या मापनानुसार बदल करतो आणि बदललेली आज्ञा सर्व्होला देतो. हे चक्र सेकंदाला किमान पन्नास वेळा, तर वेगवान डिजिटल सर्व्हो असल्यास कित्येक शे वेळा पूर्ण होते.

गेन आणि वेग

मोजलेल्या वळण्याच्या प्रमाणात नियंत्रक पृष्ठ किती हलवायचे, हे ज्या गुणकाने ठरते त्यास गेन म्हणतात. गेन शून्य असल्यास जायरो असून नसल्यासारखा असतो. गेन फार असल्यास सुधारणा गरजेपेक्षा जास्त होते, विमान विरुद्ध बाजूस जाते, मग तिकडून परत ओढले जाते आणि अशा रीतीने ते वेगाने थरथरू लागते.

नियंत्रक पृष्ठाचा जोर हवेच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १२ मीटर वेगाने उडणाऱ्या विमानाचा वेग २४ मीटर झाला, तर त्याच कोनात वळलेल्या एलेरॉनचा जोर चौपट होतो. म्हणून संथ उड्डाणात योग्य वाटणारा गेन सूर मारताना विमानाला थरथरवितो. आणि पूर्ण वेगाला योग्य असलेला गेन उतरताना अपुरा भासतो. यामुळे गेन उड्डाणादरम्यान बदलता येणे हा जायरोच्या निवडीतील महत्त्वाचा निकष ठरतो.

अवस्था

बहुतेक जायरो एकापेक्षा अधिक अवस्थांत काम करतात. प्रत्येक उत्पादक त्यांना वेगळी नावे देत असला, तरी मूळ प्रकार तीनच आहेत.

• सामान्य अवस्था : जायरो केवळ वळण्याच्या वेगाला विरोध करतो. विमान वळायचे थांबले की पृष्ठ मध्यावर परत येते. झोताने पंख दहा अंश कलला तर कलण्याचा झटका सौम्य होतो, परंतु उरलेला कल चालकालाच काढावा लागतो. उड्डाणाचा नैसर्गिक अनुभव फारसा बदलत नाही. नव्या जायरोची सुरुवात याच अवस्थेने करावी.

• दिशाबंध अवस्था : जायरो झालेल्या वळण्याची बेरीज ठेवतो आणि विमान मूळ स्थितीत परत येईपर्यंत पृष्ठ वळवून धरतो. विमानाचे नाक आकाशाकडे करून ते पंख्याच्या जोरावर हवेत टांगून ठेवणे किंवा पंख उभा धरून उडविणे यांसारख्या कसरतींसाठी ती उपयुक्त आहे. मात्र या अवस्थेत विमान वेग कमी झाल्यावरही नाक खाली घालत नाही, कारण जायरो त्याला आधीच्याच स्थितीत धरून ठेवतो. मोटर बंद करून उतरताना वेग घटत जाऊन पंख अचानक आधार सोडण्याचा धोका त्यामुळे वाढतो. उड्डाणासाठी धावताना आणि उतरताना ही अवस्था टाळणे इष्ट असते.

• समतल अवस्था : त्वरणमापकाच्या साहाय्याने जायरो क्षितिज ओळखतो आणि चालकाने काड्या सोडल्या की विमान सरळ व सपाट करतो. शिकाऊ चालकासाठी ती मोठा आधार ठरते. मात्र त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षण आणि वळणातील त्वरण यांत फरक करता येत नाही. नीट घेतलेल्या वळणात एकूण जोर विमानाच्या तळाच्या दिशेनेच जाणवतो. त्यामुळे त्वरणमापकाला कललेले विमानही सपाट भासते. जायरोचे मापन जोडीला घेऊन ही चूक बरीच कमी केली जाते, तरीही एकाच दिशेने दीर्घकाळ घिरट्या घातल्यास उपकरणाचे ‘क्षितिज’ काही अंशांनी सरकू शकते.

निवड

बाजारात मिळणाऱ्या उपकरणांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

१. एक-अक्षीय जायरो : हा बहुधा रडरसाठी वापरतात. शेपटीखाली चाक असलेली विमाने जमिनीवर धावताना एकाएकी भोवऱ्यासारखी वळतात. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींत हा दोष विशेष आढळतो. अशा विमानात केवळ रडरवरील जायरोनेही उड्डाण व अवतरण बरेच सुलभ होते.

२. स्वतंत्र त्रि-अक्षीय जायरो : हा कोणत्याही रिसीव्हरला जोडता येतो आणि एका विमानातून काढून दुसऱ्यात बसविता येतो. आधीपासून ट्रान्समीटर व रिसीव्हर असलेल्या छंदिष्टासाठी हा सोयीचा असतो.

३. अंगभूत जायरो असलेला रिसीव्हर : वायरी कमी लागतात व वजन वाचते, परंतु तो ठरावीक उत्पादकाच्या ट्रान्समीटरबरोबरच चालतो. स्पेक्ट्रम कंपनीची ‘एएस३एक्स’ प्रणाली या वर्गातील आहे. उडण्यास तयार स्वरूपात विकल्या जाणाऱ्या अनेक लहान विमानांत असा रिसीव्हर आधीच जुळवून दिलेला असतो.

४. संपूर्ण उड्डाण-नियंत्रक : यात स्थाननिश्चिती, उंचीमापन, आपोआप परत येणे आदी सोयी असतात. ‘आर्डूपायलट’ ही मुक्तस्रोत प्रणाली या प्रकारातील आहे. केवळ वाऱ्यात स्थिर उडणे एवढाच हेतू असल्यास हा वर्ग अनावश्यक गुंतागुंतीचा ठरतो.

निवड करताना पुढील बाबी तपासाव्यात.

• विमानाचा प्रकार : शेपटी नसलेल्या विमानात एकच जोडी पृष्ठे एलेरॉन व एलिव्हेटर अशी दुहेरी कामे करतात. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या शेपटीत हेच रडर आणि एलिव्हेटरच्या बाबतीत घडते. अशा वेळी दोन आज्ञांचे मिश्रण जायरोमध्येच करण्याची सोय हवी. हे मिश्रण ट्रान्समीटर आणि जायरो या दोन्ही ठिकाणी सुरू ठेवल्यास नियंत्रण बिघडते.

• चॅनेलांची संख्या : दोन एलेरॉनना दोन स्वतंत्र सर्व्हो असल्यास जायरोतही दोन स्वतंत्र निर्गम असावेत. गेन बदलण्यासाठी रिसीव्हरवर आणखी एक चॅनेल मोकळे लागते.

• सर्व्होचा प्रकार : साधे अॅनालॉग सर्व्हो सेकंदाला सुमारे ५० स्पंदांसाठी बनविलेले असतात. जायरोची गती डिजिटल सर्व्होसाठी ठेवून त्याला अॅनालॉग सर्व्हो जोडल्यास ते तापतात आणि जळू शकतात. ही गती बदलता येते का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

• वीजपुरवठा : जायरो सर्व्होंना उड्डाणभर अखंड हलवितो. त्यामुळे त्यांचा विजेचा वापर वाढतो. पुरवठा अपुरा असल्यास विद्युतदाब क्षणभर कोसळून जायरो व रिसीव्हर हवेतच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतात.

बसवणी

जायरोच्या पेटीच्या कडा विमानाच्या अक्षांना समांतर असाव्यात. पेटी तिरकी बसल्यास रोल सावरताना थोडा यॉही मिसळतो. अनेक उपकरणे आडवी, उभी किंवा उलटी बसविता येतात. मात्र निवडलेली स्थिती जुळणीत नोंदवावी लागते.

जायरो गुरुत्वमध्यावरच बसवावा असा समज प्रचलित आहे. न लवचणाऱ्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा वळण्याचा वेग एकच असल्याने केवळ जायरोच्या दृष्टीने नाक आणि शेपटी यांत फरक नाही. त्वरणमापकाची गोष्ट वेगळी. गुरुत्वमध्यापासून दूर असल्यास विमान वळताना त्याला अतिरिक्त त्वरण जाणवते. म्हणून समतल अवस्था वापरायची असल्यास उपकरण गुरुत्वमध्याजवळ ठेवावे. प्रत्यक्षात जागेची निवड बहुधा कंपनांवरून ठरते. मोटर किंवा इंजिनाच्या आधारापासून दूर असलेली, न थरथरणारी टणक फळी योग्य होय. पातळ, लवचिक तळावर बसविलेला जायरो विमानाऐवजी त्या तळाचीच हालचाल मोजत राहतो.

पेटी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीने बसवितात. ही पट्टी बारीक कंपने शोषते. पेट्रोल इंजिनाच्या विमानात अधिक जाड पट्टी लागते. वायरी ताणलेल्या नसाव्यात; ताठ वायर धडाची कंपने पेटीपर्यंत पोहोचविते. उन्हाने पट्टीचा चिकटपणा कमी होतो, म्हणून ती वेळोवेळी पाहावी.

जुळणी

जुळणीचा क्रम बदलल्यास पुढील प्रत्येक पायरी बिघडते. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. प्रथम विमान जायरोशिवाय किंवा गेन शून्य ठेवून उडवावे. गुरुत्वमध्य निर्मात्याने सांगितलेल्या जागी असावा. साध्या शिकाऊ विमानांत तो पंखाच्या सरासरी रुंदीच्या पुढील कडेपासून साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर असतो. विमान हातांशिवाय सरळ उडेपर्यंत ट्रिम करावे.

२. उतरल्यावर ट्रिममुळे सरकलेली पृष्ठे सर्व्होच्या दांड्यांची लांबी बदलून यांत्रिक रीतीने तेथेच आणावीत आणि ट्रान्समीटरवरील ट्रिम पुन्हा शून्य करावे. बरेच जायरो सुरू होताना मिळणारी आज्ञा हाच काड्यांचा मध्य मानतात. ट्रिम तसेच राहिल्यास दिशाबंध अवस्थेत ते वळण्याची आज्ञा म्हणून वाचले जाते.

३. पंखा काढून किंवा मोटर विलग करून जायरो जोडावा. वीज दिल्यावर काही सेकंद विमान अजिबात हलवू नये, कारण या अवधीत जायरो आपला शून्यबिंदू ठरवितो. वाऱ्याने पंख डोलत असल्यास विमान आडोशाला ठेवावे.

४. काड्या हलवून पृष्ठे योग्य दिशेने हलतात ना ते पाहावे. गरज पडल्यास दिशा ट्रान्समीटरमध्ये बदलावी.

५. सर्व्होच्या हालचालीची अंतिम मर्यादा जायरोमध्ये ठरवावी. काडी पूर्ण वळविलेली असताना जायरोची सुधारणा तिच्यात मिळाली, तर सर्व्हो मर्यादेपलीकडे जाऊन अडकू शकतो.

६. जायरोच्या सुधारणेची दिशा तपासावी.

७. समतल अवस्था वापरायची असल्यास विमान सरळ उड्डाणात जसे असते तशा स्थितीत ठेवून क्षितिज नोंदवावे. अनेक विमाने उडताना नाक किंचित वर ठेवतात; टेबलावर सपाट ठेवून केलेली नोंद त्यांना खाली नेते.

दिशेची तपासणी

जायरोच्या वापरातील अपघातांच्या कारणांमध्ये उलट दिशा हे सर्वांत घातक होय. काडीची दिशा आणि जायरोची दिशा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. काडीप्रमाणे पृष्ठे बरोबर हलली म्हणजे जायरोही बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. उलट दिशेचा जायरो छोट्या कलाला विरोध करण्याऐवजी तो वाढवितो. वाढलेल्या कलाला आणखी वाढवितो आणि चालकाने काडी पूर्ण वळवेपर्यंत विमान उलटलेले असते.

तपासणीसाठी गेन वाढवून विमान हातात धरावे, काड्यांना स्पर्श करू नये आणि शेपटीमागे उभे राहून पुढील हालचाली कराव्यात.

• उजवा पंख झटकन खाली नेल्यास उजवे एलेरॉन खाली व डावे एलेरॉन वर गेले पाहिजे.
• नाक झटकन वर उचलल्यास एलिव्हेटर खाली गेले पाहिजे.
• नाक झटकन डावीकडे वळविल्यास रडर उजवीकडे गेले पाहिजे.

हे सारे एका सूत्रात सांगता येते : पृष्ठाने केलेल्या हालचालीला विरोध करावा. चूक आढळल्यास ती जायरोमध्येच दुरुस्त करावी. ट्रान्समीटरमधील दिशा बदलल्यास जायरोची दिशा बदलत नाही.

सामान्य अवस्थेत पृष्ठ विमान वळत असतानाच हलते व वळणे थांबताच मध्यावर येते. विमान फार सावकाश कलविल्यास काहीच दिसत नाही. आणि नजर उशिरा गेल्यास मध्यावर परतणारी हालचाल हीच सुधारणा समजली जाते. त्यामुळे हालचालीच्या पहिल्या क्षणीच पृष्ठाकडे पाहावे. शक्य असल्यास एकाने विमान हलवावे व दुसऱ्याने पाहून मोठ्याने सांगावे.

ही तपासणी एकदाच करून भागत नाही. जायरो काढून पुन्हा बसविल्यावर, सर्व्हो बदलल्यावर, ट्रान्समीटरमध्ये दुसऱ्या विमानाची जुळणी नकलून घेतल्यावर आणि प्रत्येक उड्डाणदिवसाच्या आरंभी ती करावी. अनेक उपकरणांत गेनच्या चॅनेलच्या मध्यावर गेन शून्य, एका बाजूस सामान्य अवस्था व दुसऱ्या बाजूस दिशाबंध अवस्था असते. हे चॅनेल उलटे झाल्यास चालकाला नकळत दिशाबंध अवस्था सुरू होते.

गेन ठरविणे

पहिल्या उड्डाणात गेन कमी, साधारण २० ते ३० टक्के ठेवावा आणि जायरो पूर्णपणे बंद करणारी कळ हाताशी असावी. उड्डाण जायरो बंद ठेवून करावे व पुरेशा उंचीवर गेल्यावर तो सुरू करावा. विमान विचित्र वागल्यास कळ तत्काळ बंद करावी.

विमान नीट वागत असल्यास सरळ मार्गावर वेग हळूहळू वाढवावा. प्रत्येक फेरीत गेन थोडा वाढवून, सर्वाधिक वेगात थरथर जाणवू लागली की तो थोडा कमी करावा. तिन्ही अक्षांचे गेन वेगवेगळे ठरविता येत असल्यास एका वेळी एकच अक्ष घ्यावा. रोलमधील थरथर पंखांच्या फडफडीसारखी, पिचमधील नाकाच्या वरखाली होण्यासारखी आणि यॉमधील शेपटीच्या डोलण्यासारखी दिसते. अखेरीस तीन खटक्यांच्या कळीवर बंद, उड्डाणाचा गेन आणि अवतरणाचा अधिक गेन अशी विभागणी करता येते. अवतरणाचा गेन घेऊन वेगात उडू नये.

जायरो चालकाने मुद्दाम घेतलेल्या वळणालाही काही प्रमाणात विरोध करतो, म्हणून विमान मंद झाल्यासारखे वाटते. काही उपकरणांत काडी जितकी अधिक वळवावी तितका गेन आपोआप कमी होण्याची सोय असते.

नेहमी आढळणारे दोष

• जमिनीवर स्थिर असताना पृष्ठे सावकाश एका बाजूस सरकतात : दिशाबंध अवस्था सुरू आहे, किंवा वीज देताना विमान हलले. सामान्य अवस्था निवडून, वीज बंद करून पुन्हा द्यावी.
• मोटर चालू होताच पृष्ठे थरथरतात : कंपने पोहोचत आहेत. पंख्याचा तोल, चिकटपट्टी आणि वायरी तपासाव्यात.
• फक्त वेगात थरथर होते : गेन जास्त आहे.
• कमी गेनलाही थरथर होते : सर्व्हो मंद आहे किंवा दांडीच्या जोडात ढिलाई आहे. जायरो बदलून हा दोष जात नाही.
• जायरो बंद करताच विमान एका बाजूस ओढते : मूळ ट्रिम चुकलेले असून जायरो ते झाकत होता.

मर्यादा

जायरो विमानाचे दोष लपवितो, नाहीसे करीत नाही. शेपटीकडे जड असलेले विमान जायरोमुळे वेगात शांत उडते. परंतु वेग कमी होताच पृष्ठांचा जोर घटतो आणि नेमके उतरताना ते हाताबाहेर जाते.

स्टॉलच्या वेळी, म्हणजे वेग घटून किंवा नाक फार वर जाऊन पंखाची उचलशक्ती ढासळते तेव्हा, जायरो अपायकारकही ठरू शकतो. अशा वेळी डावा पंख पडू लागल्यास जायरो डावे एलेरॉन खाली करतो. त्यामुळे आधीच आधार सोडलेल्या पंखाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो, स्टॉल बळावतो आणि विमान गिरक्या घेत खाली येऊ शकते. शिवाय स्टॉलपूर्वी पंखांच्या डुलण्यातून चालकाला मिळणारी सूचना जायरो दाबून टाकतो. म्हणून जायरो असलेल्या विमानाची स्टॉलची गती उंचावर, जायरो बंद ठेवून, आधीच पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

रेडिओ संपर्क तुटल्यास केवळ जायरो विमान परत आणू शकत नाही. संपर्क तुटताच मोटर बंद व्हावी अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये वेगळी करावी लागते. शिकाऊ चालकाने अधूनमधून जायरोशिवाय उडण्याचा सराव ठेवल्यास उपकरण बंद पडले तरी विमान सुरक्षित उतरविता येते.

स्पर्धा व नियम

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ३ए या अचूक कसरतींच्या स्पर्धाप्रकारात जायरो वापरण्यास मनाई आहे, कारण तेथे चालकाच्या हाताचीच परीक्षा असते. हौशी उड्डाणात असा निर्बंध नसतो.

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यांत २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या, केवळ शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि चालकाच्या नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रणालींचा ‘मॉडेल’ म्हणून वेगळा उल्लेख आहे. हवाई क्षेत्राची हिरवा, पिवळा व लाल अशी विभागणी केलेली असून उड्डाणाची जागा कोणत्या विभागात येते ते आधी पाहणे आवश्यक असते. विमानात जायरो असल्याने यांपैकी कोणतीही जबाबदारी कमी होत नाही. समतल अवस्थेत स्वतःहून सरळ उडणारे विमान दूर जाऊ देण्याचा मोह होतो. मात्र नजरेआड गेलेल्या विमानाचे नाक कोणीकडे आहे हे चालकाला कळत नाही आणि जायरोजवळ ते सांगण्याचा कोणताही मार्ग नसतो.